एकशे बारावा अंक

"एकेचाळिसाव्या अंकापासनं? गौसभाई, त्यात कोण कुणाचा हेच कळत न्हाय की नव्या माणसाला!" धैर्यशील हसत म्हणाला आणि वाचनालयात उभी असलेली चार-सहा माणसेही हसली.

गौसभाईंच्या हातातील सुई पुठ्ठ्यापाशीच थबकली. राजारामपुरीतील या वाचनालयाच्या मागल्या पडवीत बसून ते अठ्ठावीस वर्षे पुस्तके बांधीत आले होते. बांधणी हा त्यांचा व्यवसाय. परंतु त्यांचा मान निराळ्याच गोष्टीत होता. 'वाटाड्या येसबा' ही तीनशे चाळीस अंकांची चित्रकथामाला, दहा अंकांचा एक खंड अशा रीतीने, सारीच्या सारी त्यांच्या दोऱ्याने शिवलेली होती. तो ढीग पाहून नवा वाचक गांगरून जाई. मग मालक विजयसिंह त्याला पडवीकडे पिटाळीत, "आत गौसभाईंना इचारा. ते म्हनतील तिथनं सुरू करा." गौसभाई चष्मा कपाळावर चढवीत आणि लग्नाचा मुहूर्त काढून दिल्यासारखे गंभीरपणे सांगत, "एकेचाळीस." सातवीत शाळा सुटलेल्या त्या मनुष्याचे बोलणे त्या एका क्षणी वकील आणि डॉक्टरही मान लववून ऐकत असत.

आता हा धैर्यशील आला होता. क्लासमध्ये शिकवणारा, मोबाइलवर पुस्तकांविषयीचे व्हिडिओ टाकणारा, बोलका आणि देखणा. त्याच्या मते आरंभ करावा तो एकशे बाराव्या अंकापासून. विजयसिंहांनी त्याच्याकडून तसा फलकही लिहून घेतला आणि खाली त्याचे नाव घातले.

"माझं नाव कधी लिवलं न्हाईसा," गौसभाई एकदा सहज बोलल्यासारखे बोलले.

"तुमचं कशाला लिवायचं? तुम्ही घरचंच की!" विजयसिंह म्हणाले.

घरचे! त्या शब्दाने गौसभाईंच्या अंतःकरणाला जी इंगळी डसली ती उतरेना. मत्सर हा मोठा कष्टाळू असतो; त्याला सुट्टी ठाऊक नाही. धैर्यशीलचे हसणे, त्याच्या सदऱ्याची इस्त्री, त्याने पान उलटताना बोट ओले न करणे, सारेच त्यांना टोचू लागले. सर्वांत अधिक टोचत होते ते हे, की एकशे बाराव्या अंकात काय आहे हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हते. शंभराव्या अंकानंतर जुना चित्रकार सोडून गेला, तेव्हा रुसून त्यांनी ती मालिका वाचणे सोडले होते. पुढचे दोनशे चाळीस अंक त्यांनी नुसते शिवले. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती.

अशातच अतिवाचनाने पाठ सुटलेला एकशे अकरा ते एकशे वीसचा खंड बांधणीस आला. गौसभाईंनी तो दोन दिवसांत शिवला, लाकडी शिकंज्यात आवळला, आणि मग काढलाच नाही.

"वल्ला हाय अजून," ते विचारणाऱ्यास सांगत.

"तीन आठवडं?" विजयसिंह कावले. "गौसभाई, ती खळ हाय का रंकाळ्याचा चिखल?"

एका दुपारी तानाबाई पडवीत आल्या. मूळच्या गारगोटीकडच्या, कागलच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या लेकाकडे राहायला आलेल्या. गेल्या वर्षी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्या अक्षरे शिकल्या होत्या. त्यांनी एकेचाळीसचा खंड गौसभाईंपुढे ठेवला.

"भाऊ, म्या चारदा वाचलं. येसबा खिंडीत कुणाला शोधतोय, तेच उमगंना. म्हटलं माझंच डोस्कं कमी."

"तसं न्हाय अक्का..."

"तुम्ही सोता कुठनं सुरू केल्तं?"

गौसभाईंनी त्या खंडाची पाठ बोटाने चाचपली. कारागिरी शिकताना पहिल्या दिवशी उस्तादांनी त्यांच्या हाती जो खंड दिला, तो एकेचाळीसचा होता. याहून दुसरे कारण नव्हते.

"हातात पडलं तिथनं," ते म्हणाले.

"मग मला ते एकशे बारा नंबरचं द्या, फलकावर लिवल्यालं."

"वल्ला हाय."

"असूंद्या. वाळूस्तवर बसतो हितंच. सून घरात न्हाय, मला घाई न्हाय." आणि त्या खरोखरच मांडी घालून बसल्या.

अर्धा तास गेला. गौसभाईंनी अखेर शिकंज्याचा फेर सैल करून खंड बाहेर काढला. तानाबाईंनी पुठ्ठ्यावरून तळहात फिरविला. "वाळून खडंग झालंय की ओ!" त्या म्हणाल्या, परंतु त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांनी अंक काढून, बोट ठेवून, मोठ्याने वाचावयास घेतले.

"ये-स-बा... तू वाट चुकलास... त्या दिवसापासनं सांगते... ऐक."

येसबाची आई भाकरी थापता थापता लेकाला त्याचीच सारी कथा सांगत होती : खिंड कोणती, वैरी कोण, हरवलेला भाऊ कोणता. शंभर अंकांचा गुंता त्या चुलीपुढे उकलत होता. गौसभाईंनी कान देऊन ऐकले. धैर्यशीलचे म्हणणे बरोबर होते. ते चूक असते, तर त्याचा द्वेष करणे किती सोपे गेले असते!

"येसबाचा भाऊ तिकडं जित्ता हाय व्हय? पुढं काय होतंय?" तानाबाईंनी विचारले.

"मला ठावं न्हाय, अक्का," गौसभाई म्हणाले. "म्या हे वाचल्यालंच न्हाय."

तानाबाईंनी खंड दोन्ही हातांनी उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "बरं, पर एवढा धोंडा काखंत मारून बसनं कसा नेऊ?"

गौसभाईंनी पाते उचलले. स्वतःच नव्याने घातलेले, कुठेही न उसवलेले टाके त्यांनी एकामागून एक कापले. एकशे बारावा अंक वेगळा काढून त्याला हलके पुठ्ठे आणि कापडी पाठ लावली. असा एकटा अंक त्यांनी आजवर कधी बांधला नव्हता. संध्याकाळी तानाबाई तो घेऊन गेल्या.

पुढल्या सोमवारी एक नवे गृहस्थ आले. "येसबा कुठनं सुरू करायचा ओ?" त्यांनी विचारले. सवयीने विजयसिंहांचा हात पडवीकडे उठला. धैर्यशीलही बोलता बोलता थांबला आणि अदबीने तिकडे पाहू लागला.

गौसभाईंच्या दातांत दोरा होता. तो त्यांनी सोडला नाही. केवळ कोपराने धैर्यशीलकडे दाखविले आणि सुई ओवण्यासाठी उजेडाकडे तोंड केले. त्या दिवशी ओवण्यास त्यांना बराच वेळ लागला.