चेअरमनच्या घरची म्हैस

झुलाल नाना म्हणजे माझे थोरले दीर, गावच्या दूध डेअरीचे चेअरमन. त्यांचं नाव निघालं की मला आजही किळस येते. खोटं कशाला बोलू?

पाचोऱ्याकडच्या आमच्या गावात म्हशींची जात सुधारण्याचं वारं आणलं ते त्यांनीच. गावरान म्हशीला मुऱ्हा जातीच्या रेड्याच्या रेताची कांडी भरा, पुढची वगार, म्हणजे होणारी पारडी, बादली भरून दूध देईल, असं सांगत हिंडायचे. त्यात वाईट काही नव्हतं. पण त्या भरात त्यांनी गावचा हल्या, म्हशी फळवायचा रेडा, विकून टाकला आणि वर फर्मान काढलं, की जो कोणी म्हैस बाहेरच्या हल्याकडे नेईल त्याचं दूध डेअरीत बंद.

माझी म्हैस बापाने बोदवडहून आंदण दिलेली. दोनदा कांडी भरली, ती काही फळली नाही. मग ढोरांच्या डॉक्टरच्या भांड्यातला, कांड्या गार ठेवायचा गॅस संपला आणि त्याचं येणंच थांबलं. म्हैस माजावर येऊन नुसती ओरडायची. तेव्हा नानांनीच माझ्या नवऱ्याला, मगनला, बाजूला घेऊन सांगितलं, "शेजारना गावले लई जाय. कोनले कळू देऊ नको."

मगन तिला तिथल्या हल्याकडे घेऊन गेला. म्हैस गाभण राहिली. मी मनाशी ठरवून टाकलं, वगार झाली तर ती माझ्या लेकीला आंदण द्यायची.

चौथा महिना चालू होता, आणि शिबिराचं निघालं. धुळ्याहून मोठे साहेब येणार होते. भाकड म्हशींना आधी इंजेक्शन द्यायचं, म्हणजे सगळ्या एकाच वेळी माजावर येतात, आणि मग साहेबांसमोर कांड्या भरायच्या. पहिली म्हैस अर्थात चेअरमनच्या घरची! गाभण आहे म्हणावं तर कोणापासून, ते सांगावं लागलं असतं.

"गाभण असली तर या इंजेक्शनने गाभडेल हं," असं म्हणत डॉक्टर तपासायला हातमोजा चढवू लागला.

"तपासता काय साहेब? घरची म्हैस आहे, मला माहीत नाही का? भाकड आहे," नाना म्हणाले. मागे म्हशींची रांग लागली होती. डॉक्टरने मोजा काढून ठेवला.

आमच्यात थोरल्या दिराशी समोरून बोलायचं नसतं. बोलायचंच झालं तर भांड्याशी बोलावं, ढोराशी बोलावं, ज्याला ऐकायचं तो ऐकतो. मी डोक्यावरचा पदर ओढला, दावं घट्ट धरलं आणि म्हशीला मोठ्याने म्हटलं, "बाई, तुना पोटमा काय शे ते नानाले माहीत शे!"

"येडी शे ती, म्हशीसंगे बोलस," नाना म्हणाले. सगळे हसले. मगनने माझ्या हातातलं दावं हिसकावून घेतलं. सुई टोचली गेली.

तिसऱ्या दिवशी म्हैस गाभडली. गोठ्यात चिकट पाण्यात पडलेलं ते, मांजराएवढं, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. वगारच होती ती.  पण पुरायला नेलं नाही. टोपलीत घातलं आणि सकाळी दूध घालायला गाव जमलेलं असताना डेअरीत नेऊन नानांच्या पायाशी ठेवलं. 

नानांनी नाकाला रुमाल लावला. मला वाटलं, आता तरी मान खाली घालतील. कसली मान आणि कसलं काय! त्यांनी त्या जिवाला मागच्या पायाला धरून वर उचललं, सगळ्यांना दिसेल असं.

"देखा रे बठ्ठा! हाई शे गावरान बीज. पोटमा बी टिकनं नही! माले न इचारता ही बाई म्हैस बाहेरना हल्याकडे लई गयी."

माणसं माना डोलवू लागली. खरं शे नाना, खरं शे. मी मगनकडे पाहिलं. दावं धरून म्हैस नेणारा तो होता, नानांनी न्यायला सांगितलं ते ऐकणाराही तोच होता.

मगन पुढे झाला. नानांच्या हातातून ते घेऊन टोपलीत टाकत म्हणाला, "माले बी सांगं नही तिनी."

नानांनी त्याला हात धुवायला डेअरीचा साबण दिला.