डाव्या पायावरची उडी

टीव्हीवर नाचून आलेल्या माणसाचं पुढं काय होतं, हे कुणी विचारत नाही. गेवराई तालुक्यातली ती आठ पोरं दहा वर्षांपूर्वी अंगाला चांदीचा रंग फासून, तोंडाला मुखवटे बांधून नाचली आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. परत आली तेव्हा हार, हलगी, उघडी जीप, सगळं झालं. मग घरच्यांनी विचारलं, आता पोटाचं काय? संजय कंत्राटावर विजेच्या खांबांवर चढू लागला. विजयमाला चकलांब्याच्या अंगणवाडीत लागली. फिरोजनं मांजरसुंब्याला गॅरेज टाकलं, प्रवीण वाढदिवसाचे बॅनर छापू लागला, दोघं पुण्याला गेले. मुंजाजी मात्र एका भाऊंच्या काळ्या गाडीत मागं बसू लागला. त्याचं काम नेमकं काय, हे विचारायला कुणी रिकामं नव्हतं.

या आठांची कॅप्टन आम्रपाली. ती गेवराईत एका हॉलमध्ये नाचाचे वर्ग घेते आणि शाळांची गॅदरिंगं बसवते.

गेल्या आठवड्यात एक व्हिडिओ तालुकाभर फिरला. नदीतून चोरीची वाळू भरून चाललेल्या हायवा ट्रकांचे फोटो काढले म्हणून पंडितमामा या म्हाताऱ्या कोतवालाला तोंड बांधलेल्या चौघांनी काठ्यांनी मारलं होतं. मामा अजून शुद्धीवर नव्हते. व्हिडिओत तिसरा माणूस गाडीच्या टपावरून उडी मारतो, एकट्या डाव्या पायावर उतरतो, उजवा गुडघा पोटाशी घेऊन अर्धी गिरकी मारतो आणि मग काठी उचलतो. आम्रपालीनं तेवढाच तुकडा पुन्हा लावून पाहिला. मुखवट्यांच्या त्या नाचात आठही जण एकमेकांना पायांवरूनच ओळखायचे. तालमीत मुंजाचा उजवा घोटा मोडला होता, तेव्हा ही उडी तिनंच त्याला बसवून दिली होती.

ओळखलं सगळ्यांनीच. पण फिरोज पहिल्यापासून तोंडाचा फाटका. त्यानं ‘चांदीची पोरं’ या त्यांच्या जुन्या ग्रुपवर लिहिलं, “अबे, ये तो अपना मुंजा हाय ना?” आणि पुढं हसणारी तोंडं टाकली. ग्रुपमध्ये मुंजाही आहे, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांनी वाचलं, उत्तर कुणीच दिलं नाही. आम्रपालीनंही नाही. दुसऱ्या दिवशी फिरोजचा हात दोन ठिकाणी मोडला. जॅक निसटला, असं त्यानं डॉक्टरला सांगितलं आणि ग्रुप सोडला.

आणि आज भरदुपारी मुंजा तिच्या हॉलच्या दारात उभा होता. चप्पल बाहेर काढून, पूर्वीसारखा तिच्या पाया पडला.

“ताई, माझी उडी मोडून दे.”

“काय?”

“भाऊ म्हनले, आता पोलिस चालीवरून मानूस वळखत्यात. तूच बसवलीस, आता तूच काढ. दुसऱ्या कुनाला सांगू?”

आवाजात धमकी नव्हती, लाडच होता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली. नाही म्हणावं तर फिरोजचा हात डोळ्यांपुढं येत होता.

“आधी जुनी करून दाखव,” ती म्हणाली आणि वर्गातल्या सवयीनं मोबाइल स्टँडला लावला. चूक दिसावी म्हणून ती प्रत्येक पोराचा व्हिडिओ काढायची. मुंजालाही कॅमेऱ्याचं काही वाटलं नाही. दहा वर्षांपूर्वी त्यानं हेच केलं होतं. तो टेबलावर चढला, तिनं टाळ्या वाजवून ताल मोजला, त्यानं उडी मारली. उडी इतकी देखणी होती की आम्रपालीला क्षणभर अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःची किळस आली.

दोन तास तिनं त्याला दोन्ही पायांवर उतरायला शिकवलं. पाय ऐकेनात. शेवटी तो घामाघूम होऊन एखाद्या पोत्यासारखा धपकन उतरू लागला आणि खूश झाला. निघताना हात पुढं करून म्हणाला, “मोबाइल दे. व्हिडिओ उडवतो.” त्यानं स्वतःच्या बोटानं सगळे उडवले. “लई उपकार झाले, ताई.”

गाडी गेल्यावर तिनं दाराला आतून कडी घातली. उडवलेलं महिनाभर मोबाइलच्या कचराकुंडीत पडून असतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं पहिला व्हिडिओ परत काढला. फिरोजनं लिहिलं तेव्हा आपण सगळे नुसतं ‘हो’ म्हणालो असतो, तर कुणाकुणाचा हात मोडला असता यांनी? एकट्याला गाठता येतं, सात जणांना नाही. मुंजा वाचेल, तर वाचू दे. तिनं व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “पंडितमामांना यानंच मारलं. ही उडी मी बसवली आहे. उद्या अकराला ठाण्यात जबाब द्यायला जाऊ. सगळे मिळून.”

खुणा निळ्या झाल्या. तिला बरं वाटलं.

पाच मिनिटांनी प्रवीणनं ग्रुप सोडला. मग पुण्याच्या दोघांनी, पाठोपाठ. मग संजयनं, जो चाळीस फुटांच्या खांबावर हसत चढतो. विजयमाला बराच वेळ काहीतरी लिहीत होती. आम्रपाली डोळे लावून बसली. मग लिहिणं थांबलं आणि विजयमालाही गेली.

ग्रुपमध्ये दोन नावं उरली.

मग मुंजाचा मेसेज आला. “अकराला ना, ताई? मीच येतो तुला घ्यायला.”