चुकीसकट कोंडलेली

“ये गं, इथं सगळ्यांना मोकळं आहे.” दादानं धाकट्या बहिणीला पहिल्यांदा माझ्याकडे आणलं, तेव्हाचे हे शब्द अजून माझ्या कानात आहेत.

मित्रांनो, मी एक जुनी रिपॉझिटरी आहे. संगणकातलं सामाईक कोठार म्हणा. यंत्रानं काय करायचं याच्या लेखी सूचना, म्हणजे कोड, माझ्या पोटात असतात. या भावंडांनी ओळीला ओळ जोडून मला वाढवलं. डायलिसिसच्या रुग्णांना ‘अमुक वाजता या’ असा निरोप धाडायचा, हे माझं काम. वॉर्डातल्या नर्सबाई कौतुकानं म्हणायच्या, आता आमच्या फोनला जरा श्वास घेता येतो.

पण भावंडांच्या त्या छोट्याशा ऑफिसात एक खोड होती. सगळे एकाच नावानं, एकाच पासवर्डनं माझ्यात शिरत. धाकटीनं वेगळी खाती काढू म्हटलं, की दादा हसायचा. घरच्या घरात कसली ओळखपत्रं? मला हात लागत, पण हातांना नाव नसे.

एकदा कुणीतरी घाईत एक आकडा बदलला. निरोपात तासभर उशिराची वेळ जाऊ लागली. एक आजोबा पोचले, तोवर त्यांचं मशीन दुसऱ्याला दिलेलं. सुजलेले पाय ओढत ते माघारी गेले.

दादा सगळ्यांवर डाफरला. नजर मात्र धाकटीवरच. मग पासवर्ड बदलून मला कुलूप ठोकलं आणि रुग्णालयाची समजूत घालायला निघून गेला. चूक आतच राहिली! याला काय राखण म्हणायचं? धाकटीला आपल्या संगणकावर उतरवून घेतलेल्या माझ्या प्रतीत चुकीची ओळ दिसत होती, पण माझ्यातली ती ओळ सुधारता येत नव्हती. तिकडे नर्सबाई एकेका रुग्णाला फोन करत बसल्या. आणि दादाचा फोन बंद.

मित्रांनो, कुलपावर माझा राग नाही. जरूर लावा. पण ज्याला त्याला आपापल्या नावाची किल्ली द्या, एकाचा बदल दुसऱ्याच्या नजरेखालून जाऊ द्या. रागाच्या भरात मला कोंडू नका. माझ्या पोटात माणसांच्या वेळा आहेत.

संध्याकाळी दादा परतला. आजोबांना मशीन मिळवून देऊन आला होता. धाकटी एवढंच म्हणाली, “आधी उघड, दादा. चिडायचं ते नंतर चिड.”

त्यानं कुलूप काढलं, कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिनं आकडा सुधारेपर्यंत तो तिच्या खुर्चीमागे उभा होता. मग सगळ्यांच्या देखत म्हणाला, “तो आकडा मीच बदलला होता गं. तुझ्याकडे बघत होतो ना, तेव्हाच आठवलं होतं. तोंडातून निघेना.”