विश्वासाचं माणूस

भोंगा हे काही तिचं दाखल्यावरचं नाव नव्हे. वर्गात तिचा आवाज शेवटच्या बाकावरून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत पोचायचा, म्हणून मैत्रिणींनी बहाल केलेली ती पदवी! घरी मात्र हीच भोंगा तोंडाला कुलूप लावून वावरायची. पपा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ बाईनं गाडी कुंपणात घुसवली तरी "होतं हो ताई, घाबरू नका," म्हणून हसायचे. घरी ताट जरा खणकलं, की कमरेचा पट्टा निघायचा.

त्या सकाळी चित्रकलेच्या बाईंनी तिला बाही वर करायला सांगितली, रंग लागू नये म्हणून. बाही वर गेली आणि बाईंना हातावरचे वळ दिसले. "हे कळवावंच लागेल मला. कायदाच आहे तसा," एवढंच म्हणाल्या. दुपारी भोंगा बालसंरक्षण कार्यालयातल्या एका भल्यामोठ्या खुर्चीत अंग चोरून बसली होती.

समोरच्या अधिकारी बाई साध्या ड्रेसमध्ये होत्या. फॉर्म पुढे सरकवत म्हणाल्या, "जबाब देताना तुझ्या विश्वासाचं माणूस शेजारी बसू शकतं. नाव लिही."

ती पेन उचलून अडकली. आत्या? तिला भाऊ म्हणजे देव. मावशी? "मुली लाडानं बिघडतात" हे तिचं लाडकं वाक्य. वर्गात तेवीस मैत्रिणी, पण एकीलाही तिनं कधी हात दाखवला नव्हता. सगळ्यांना हसवता हसवता आपण कुणालाच काही सांगितलं नाही, हे तिला त्या कोऱ्या रकान्यासमोर कळलं.

शाळेत एक रकाना सुटला तरी क्लार्ककाका फॉर्म तोंडावर फेकायचे. इथेही तसंच झालं आणि घरी धाडलं तर? धास्तीनं तिनं लिहून टाकलं: आई.

अर्ध्या तासात आई आली. लाँड्रीतल्या कामावरून तशीच, इस्त्रीच्या वाफेनं चेहरा लाल, आणि त्या भट्टीतही मनगटापर्यंत बाह्या. शेजारी बसून कुजबुजली, "अगं, घरातलं असं चव्हाट्यावर मांडतात का? जिन्यावरून पडले म्हण. चल, पपा यायच्या आत पोचू."

"सुरुवात करू या?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मी... जिन्यावरून..."

बाईंचं पेन हललंच नाही. "आईचं नाव मनापासून लिहिलंस का गं?"

"रकाना मोकळा ठेवला तर जबाब रद्द होतो ना?"

"कुणी सांगितलं? सोबत कुणी असणं हा तुझा हक्क आहे, सक्ती नाही. नको असेल तर माणूस बाहेर बसतं. आज तू कुठे राहायचं हे पपा नाही, बालकल्याण समिती ठरवेल, तुझं ऐकून. पण तू जिना म्हणालीस, तर मला जिनाच लिहावा लागेल."

आईनं तिचा हात घट्ट धरला. "तू गेलीस तर माझं काय गं?"

 भोंगानं आईच्या बाहीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "आईशीपण कुणी बोलेल?"

"बोलेल. आमच्या समुपदेशक बाई बाहेरच बसल्यात."

"मग आईला बाहेर बसू दे."

आई उठली. दारापाशी घुटमळली. वाटलं, आता वळेल. वळली नाही. दार लागलं, आणि शेजारच्या खुर्चीची ऊब हळूहळू निवत गेली. इतकं एकटं तिला पट्ट्याखालीही वाटलं नव्हतं.

"लिहा," ती म्हणाली. "आमचं घर तळमजल्यावर आहे. जिना नाहीच."

"पाणी हवंय?"

"नको. आत्ता थांबले, तर परत सुरू नाही करता येणार. पहिल्यांदा झालं तेव्हा मी सहावीत होते..."