बाबांचा आकडा

चिंचेची किंमत ठरली त्या दुपारी ती मुळांसकट जमिनीतून सुटली, वर तरंगली आणि ग्रंथालयाच्या छपरावर जाऊन अडकली. किंमत मीच काढली होती: सावली, फळं, लाकूड.

मी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवतो. तत्त्वज्ञानाच्या रेवती हुल्याळकर आणि मी मिळून आवारातल्या प्रत्येक गोष्टीचं मूल्य ठरवावं, असं कुलसचिवांनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तळ्यावर गेलो. मी काही बोलायच्या आत रेवतीबाई म्हणाल्या, "याची किंमत करता येत नाही." तळं खचलं. काठावरचं वसतिगृह त्याच्याकडे कललं.

"आता?" मी विचारलं.

"तुम्ही आकडा बोला, मी माझं वाक्य बोलते. एकदम."

आम्ही एकदम बोललो. तळं वर आलं आणि जागेवर थांबलं.

पुढे आम्ही तसंच काम केलं. मला त्यांचं वाक्य पटत नव्हतं, त्यांना माझा आकडा. तरी विहीर, बाकं, प्रार्थनेचा हॉल, सगळं जागच्या जागी राहिलं. आम्ही चहाही एकत्र घेऊ लागलो.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. "सर, घरी या. बाबा खाली चाललेत."

त्यांचे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांच्यासाठी रेवतीबाई बंगळुरूची नोकरी सोडून परतल्या होत्या. मी पोचलो तेव्हा बाबा खाटेसकट छातीपर्यंत फरशीत होते.

"या," बाबा म्हणाले. "खालीच बसा, म्हणजे बोलायला बरं पडेल."

"काय झालं?"

"भावाने फोनवर विचारलं, बाबांसाठी बाई ठेवली तर किती पडेल," रेवतीबाई म्हणाल्या. "माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं."

"मग एकदम बोलू."

"माझं बोलून झालंय. आता फक्त तुमचा आकडा. ते वर आले की मी पुन्हा वाक्य म्हणून थांबवते."

मी जाग्रणं विचारली, औषधं विचारली, सोडलेल्या नोकरीचा पगार विचारला. त्या भिंतीकडे बघत उत्तरं देत होत्या. मी हिशेब केला आणि आकडा मोठ्याने सांगितला.

खाट वर आली. फरशी मिटली. खाट कमरेइतकी वर आली, मग खांद्याइतकी.

"म्हणा," मी म्हणालो.

खाट आणखी वर गेली.

"बाई, म्हणा!"

"आकडा बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मीही तोच काढला होता. केव्हाच."

बाबा खाटेवरून सुटले आणि उघड्या खिडकीकडे सरकले. रेवतीबाईंनी त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरला. "रेवा, सोड," बाबा म्हणाले. त्यांनी सोडला नाही. रेवतीबाईंच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.

मी त्यांचा पदर पकडला आणि बाबांकडे बघत जन्मात पहिल्यांदा म्हणालो, "यांची किंमत करता येत नाही."

बाबा थांबले नाहीत. वाक्याने खाली ओढलं ते मलाच; माझ्या पायांखालची फरशी मऊ झाली. पदर वर ताणला जात होता आणि मी मूठ आवळून गुडघ्यांपर्यंत आत गेलो होतो.