आत्याचं नाव

"काका, तुमचं चालू द्या. फक्त ठोकाठोकी जरा हळू," मॅडम म्हणाल्या आणि वर्गाकडे वळल्या.

काचवाल्याने मान डोलावली. शिडीवर उभं राहून तो खिडकीच्या चौकटीत अडकलेले फुटक्या काचेचे तुकडे पकडीने उपसून काढू लागला. खरं तर हे काम दुकानातल्या दुसऱ्या कारागिराच्या वाट्याला आलं होतं. कॉलेजचं नाव ऐकून हाच पुढे झाला. त्याची मुलगी इथेच शिकली होती. आता ती दूरच्या शहरात चांगल्या नोकरीवर होती. करिअर नियोजनाचा हा वर्ग तिच्या फार आवडीचा. "आमच्या मॅडम म्हणतात" असं म्हटल्याशिवाय तेव्हा तिच्या घशाखाली घास उतरत नसे. त्या मॅडम दिसतात तरी कशा, एवढंच त्याला बघायचं होतं.

"शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत मार्क काय, कुणीही सांगेल," मॅडम मुलांना सांगत होत्या. "समोरच्याला बघायचं असतं, तुम्ही कशातून वर आलात ते. आमची एक विद्यार्थिनी होती. एका खोलीचं घर, आई लहानपणीच गेलेली. वडील बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात सगळं राज्य आत्याचं. ही पुस्तक घेऊन बसली की आत्या दिवा मालवायची. म्हणायची, 'शिकून कुणाचं भलं झालंय? पुढच्या वर्षी उजवून टाकू, म्हणजे सुटलो!' तिने मुलाखतीत हे सांगितलं आणि समोरची माणसं अक्षरशः गप्प झाली."

काचवाल्याच्या हातातला पुट्टीचा गोळा हातातच राहिला.

ते बोलणं त्याच्या ओळखीचं होतं, शब्दन् शब्द. पण ते अक्काचं नव्हतं. त्याचं स्वतःचं होतं.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुऊन धुऊन तिच्या हातांची सालटं निघायची. भावजय गेली तेव्हा तिने तान्ह्या पोरीला पोटाशी धरलं आणि आपलाही संसार मांडायचा असतो हे ती विसरूनच गेली. पोरगी अभ्यासाला बसली की ही बाहेर पायरीवर जाऊन बसायची. कुणी मोठ्याने बोलत आलं की तोंडावर बोट ठेवायची. "हळू! आमचे साहेब कामात आहेत," म्हणायची. दिवा मालवणारा हा होता. स्थळही यानेच आणलं होतं. तेव्हा अक्का दारात आडवी उभी राहिली होती. "तिला उजवायचीच असेल तर आधी मला या घरातून काढ," म्हणाली. मग कुठे हा नरमला.

अक्का याच वर्षी गेली. मुलगी आली नाही. रजा मिळत नाही, एवढंच म्हणाली.

"मॅडम, मग त्या आत्याचं काय झालं?" पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं.

"काय व्हायचंय? असेल तिथेच कुणावर तरी डाफरत. अशी माणसं मरेपर्यंत सुधारत नाहीत."

वर्ग हसला.

काचवाला वळला. सगळा वर्ग त्याला खाली पसरलेला दिसत होता. ती नव्हती हो, मी होतो. एवढंच तर म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण पोरीचं काय? तिने खोटं सांगितलं असं उद्या कुणी म्हटलं तर? तो पुन्हा खिडकीकडे वळला, काच चौकटीत बसवली आणि कडेने अंगठ्याने पुट्टी दाबत गेला. दाबून झालेली पुट्टी त्याने पुन्हा एकदा दाबली.

वर्ग सुटल्यावर मॅडम खिडकीपाशी आल्या. "छान बसली हो काच."

"ती मुलगी," त्याने शिडी मिटत विचारलं, "येते का कधी तुम्हाला भेटायला?"

"अगंबाई, ऐकत होतात होय! येणं कुठलं जमतंय तिला? पण फोन न चुकता करते. फार गुणाची पोर."

"असणार," तो म्हणाला. काचेचे तुकडे त्याने पोत्यात भरले आणि निघाला.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्याने मुलीला फोन लावला.

"तुझ्या कॉलेजात गेलो होतो. काच बसवायला. मॅडमचा वर्ग चालू होता."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"तुझीच गोष्ट सांगत होत्या."

"बाबा..."

"अक्का तसं नव्हती गं बोलली. मी बोललो होतो."

"माहीत आहे मला."

"मग तिच्या माथी कशाला मारलंस? माझं नाव घ्यायचंस ना."

मुलगी म्हणाली, "तुमचंच सांगणार होते. मुलाखतीच्या आदल्या दिवशी आत्याला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, बापाला चारचौघांत उघडं पाडू नकोस. माझं नाव सांग. मला तिथे कोण ओळखतंय? हे म्हणताना हसत होती, बाबा. आणि मी खरंच तिचं नाव सांगितलं. नंतर सांगतच राहिले. ती गेली तेव्हा कुठल्या तोंडाने येणार होते मी?"

त्याने फोन या कानाचा त्या कानाला लावला. काहीतरी बोलायला हवं होतं. रागवायला हवं होतं, नाहीतर समजूत तरी काढायला हवी होती.

"जेवलात का?" मुलीने शेवटी विचारलं.

"हो तर. केव्हाच."

फोन ठेवून तो उठला आणि त्याने शेगडी पेटवली. भातासाठी पातेल्यात पाणी ओतलं, ते सवयीने दोघांपुरतं ओतलं गेलं. त्याच्या ते ध्यानात आलं. पण त्याने पाणी कमी केलं नाही. तसंच शेगडीवर ठेवलं.