करंगळीचं माप

"हलून नाई राह्यलं. काहूनच हलून नाई राह्यलं बाप्पा हे?"

बुधाजी कपात तोंड घालून पुटपुटत होता. कपात जणू कोणी रुसून बसलं होतं. हातभर अंतरावर त्याची बायको मनकर्णा पाटावर बसून लसूण सोलत होती.

"दारूच हाय ते. बोलून काय उठते?" ती म्हणाली. "नागपूरले जाऊन पंचशील घेतलं, आन् इथं साहेबाची दारू शिजवून राह्यले."

"पित तं नाई न मी? निस्ती करतो." बुधाजीनं हे उत्तर इतक्या वेळा दिलं होतं की त्यात आता मीठही उरलं नव्हतं.

बडनेऱ्याच्या रेल्वे कॉलनीत पीटर्स साहेबाचा बंगला, आणि बंगल्यामागची एक खोली त्याच्या स्वयंपाक्याची, बुधाजीची. साहेब जुना इंजिन ड्रायव्हर. बायको वारलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. दारूबंदीमुळे बाटली उघड मिळत नव्हती, म्हणून थंडी पडली की साहेब घरीच बिअर करवी. मॉल्टचा काकवीसारखा पाक साखर घालून उकळायचा, मोठ्या बरणीत निववायचा आणि त्यात खमीर सोडायचं. हे खमीर डब्यातून येई. वाळलेलं, राजगिऱ्याएवढे तपकिरी दाणे. ते थेट बरणीत टाकायचं नाही. आधी कपभर कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून त्यावर भुरभुरायचं आणि बशी झाकून ठेवायचं. दाणे जिते असले तर धारोष्ण दुधासारखा फेस चढतो. पाणी थंड असलं तर झोपून राहतात, कढत असलं तर मरतात. साहेबाचा काचेचा थर्मामीटर कधीच फुटला होता. तेव्हापासून माप एकच, बुधाजीची करंगळी. ती पाण्यात बुडवून तो म्हणे, "बस, झालं." आणि फेस यायचाच.

"बुधा की उंगली, गव्हर्नमेंट की मुहर," असं साहेब चार पाहुण्यांत सांगायचा. गावी, तेल्हाऱ्यात, ज्या हाताचं पाणी कोणी घेत नव्हतं, त्या हातची रोटी पाहुणे मागून खायचे. बुधाजी अशा वेळी दाराआड उभा राहून खांद्यावरचा टॉवेल उगाच नीट करी.

त्या दिवशी फेस आला नाही. साहेबानं कप उजेडात धरला, हुंगला आणि निकाल दिला, "मुर्दा. डब्बा पुराना है, बुधा. तेरा क्या कसूर?"

"तेच म्हंतो मी," बुधाजी पटकन म्हणाला.

"जुनाच हाय डबा," मनकर्णाही म्हणाली. तिघांचंही इतकं झटपट एकमत झालं, की लसणाच्या सालीसुद्धा संशयानं पाहतील.

कारण डब्याच्या आधीही बरंच काही घडलं होतं. उन्हाळ्यात एकदा ओट्यावर गप्पा मारताना बुधाजीची विडी जळत जळत बोटाला भिडली. कातडी करपल्याचा वास मनकर्णाला आला, आणि तो आपला बोलतच राहिला. त्याच्या करंगळीशेजारचं बोटही अलीकडे वाकूनच राहायचं. कोपराखाली रुपयाएवढा फिका डाग होता. सगळं वऱ्हाड उघड्या अंगानं पंखा हलवत बसलं असताना हा पूर्ण बाह्यांचा सदरा घाली, आणि तो सदरा साहेबानंच आणून दिला होता. साहेब स्वतःचा चहा स्वतः करू लागला होता. "डॉक्टर बोला, थोडा हिलना चाहिये." मनकर्णानं तवा स्वतःकडे घेतला होता. "तुमचे डोये गेले, पोया करपतात." अमरावतीच्या बाजूनं येणारं कोणी तपोवनातल्या दवाखान्याचं नाव काढू लागलं की ती विषय कापसाच्या भावावर नेई. पदरात एक गुंठाही कापूस नसताना.

स्वयंपाक्याच्या हाताबद्दल एकदा बोललं की काम जातं, कामामागे खोली जाते, आणि खोलीमागे माणसं जातात. म्हणून घरात सगळं बोललं जाई, तेवढं सोडून.

नवा डबा आठवड्यानं मुंबईहून एका गार्डाबरोबर आला. अजून सील न फोडलेला. बुधाजीनं अंघोळ करून धुतलेला सदरा घातला, जणू साक्षगंधाला जायचं आहे. किटलीतलं पाणी कपात ओतलं आणि करंगळी बुडवली.

कपातून वाफ निघत होती. मनकर्णाला ती बसल्या जागेवरून दिसत होती. करंगळी वाफेत तशीच उभी होती आणि बुधाजीचा चेहरा शांत होता.

"बस, झालं," तो म्हणाला आणि दाणे भुरभुरले.

ती शेगडीतले निखारे उगाच सारत राहिली.

बऱ्याच वेळानं त्यानं बशी उचलली. पाणी गढूळ, दाणे तळाशी. त्यानं बशी परत झाकली, "कोयसा घेऊन येतो," म्हणाला आणि पोतं घेऊन निघाला. जाताना त्यानं मागे पाहिलं नाही.

मनकर्णानं कप मोरीत ओतला. दुसरं पाणी घेतलं आणि लेक शालू तान्ही असताना तिच्या न्हाणाचं पाणी बघायची तसं कोपरानं पाहिलं. थोडं गार घातलं, पुन्हा पाहिलं, मग दाणे टाकले. त्याला निदान आजच्या दिवसापुरतं बरं वाटेल, एवढाच तिचा हिशेब होता.

बुधाजी पोतं टाकेपर्यंत फेसानं बशी उचलून धरली होती.

"उठलं वं!" त्याचा आवाज पोरासारखा चिरकला. "साहेब! आलं जी!"

साहेब चपला फटफटवत आला. "देखा? मैं बोला था ना? डब्बे की बात थी. नया डब्बा, जिंदा माल!"

बुधाजी हसत होता. हसता हसता त्याची नजर मनकर्णाकडे गेली. तिच्या चोळीची उजवी बाही कोपराशी ओली होती. मग त्यानं मोरीकडे पाहिलं. तिथे तपकिरी दाणे जाळीला चिकटून पडले होते.

"तू केलं काय हे?"

"मी काहून करीन? उशिरानं उठलं आसन. थंडी हाय."

"मनकर्णे, सकाळी माह्यं पानी कसं होतं?"

तिनं ओली बाही पदराखाली घेतली.

"वाफा निंगत होत्या काय?"

मनकर्णानं पदर तोंडाला लावला. मागच्या वेळी मेलेल्या कपाचा दोष डब्यानं निमूट घेतला होता. आता डब्यालाही सोडवून बसलो आपण, हे तिला तेव्हा कळलं.

साहेब घाईघाईनं म्हणाला, "अरे छोड ना, बुधा. उमर हो गयी. और अब औरत कर लेगी खमीर का काम. उसमें क्या है? माल बरणी में डाल, ठंडा हो जायेगा."

बुधाजीनं कप उचलला नाही. फेस कपाच्या कडेवरून उतरून ओट्यावर हळूहळू पसरत होता. त्यानं उजव्या बाहीची गुंडी काढली, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात दोघांच्या मधोमध उजेडात धरला.

"पह्यला डबा बी जिताच होता, साहेब," तो म्हणाला. "मले महारोग हाय."